सुदान : शस्त्रं देणारेच शांततादूत

गाझाबद्दल एखाद्या मुस्लिमाने काही लिहिलं, की खाली एक ठरलेला प्रश्न येतो, ‘मग सुदानचं काय? तिथे मुसलमानच मुसलमानाला मारतोय, तेव्हा तुम्ही कुठे असता?’ हा प्रश्न विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सुदान नकाशावर दाखवता येणार नाही. त्यांना सुदानच्या माणसाशी काही देणं-घेणं नसतं, गाझाचा विषय बंद करायचा असतो. त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

पण प्रश्न वाईट हेतूने विचारला म्हणून त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी संपत नाही. आपल्याकडच्या जुम्याच्या खुतब्यांत, उर्दू वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत, मोहल्ल्यातल्या चर्चांत सुदान जवळजवळ येत नाही. आलाच तर ‘दोन मुसलमान भाऊ भांडतायत, अल्लाह त्यांना सुबुद्धी देवो’ एवढ्या एका दुआवर तो विषय मिटतो. या लेखात मला त्या दुआबद्दलच बोलायचं आहे. सुदानमध्ये दोन भाऊ भांडत नाहीत. दोन सेनापती एका देशाचा लिलाव मांडून बसलेत, आणि बोली लावणारे बाहेरचे आहेत. त्यातले काही तर शांततेच्या टेबलावर यजमान म्हणून बसतात.

युद्ध कुणाचं आहे?

२०१९मध्ये सुदानी जनतेने तीस वर्षं राज्य करणाऱ्या उमर अल-बशीरला रस्त्यावर उतरून घालवलं. त्या आंदोलनात बायका होत्या, डॉक्टर होते, चहा विकणाऱ्या होत्या, सूफी दर्ग्यांचे मुरीद होते. मागणी साधी होती, मुलकी सरकार हवं. ३ जून २०१९ला, म्हणजे रमजान संपून ईद उंबरठ्यावर असताना, खार्तूममधल्या लष्करी मुख्यालयासमोरच्या धरण्यावर सशस्त्र दलं तुटून पडली. शंभरहून अधिक माणसं मारली गेली, काही प्रेतं नाईल नदीत फेकली गेली. त्या वेळी सत्तेत बसलेल्या लष्करी मंडळाचे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे मानकरी होते जनरल अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती. २५ ऑक्टोबर २०२१ला याच दोघांनी मिळून मुलकी पंतप्रधानाला अटक केली आणि सत्ता ताब्यात घेतली.

आज एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे कालपर्यंत भागीदार होते. भांडण धर्मावरून नव्हतं, वंशावरून सुरू झालं नव्हतं. हेमेदतीची ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ म्हणजे आरएसएफ लष्करात कधी आणि कुणाच्या हुकमाखाली विलीन व्हायची, यावरून ते पेटलं. १५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये पहिली गोळी सुटली, तेव्हा रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. जिथे तरावीहच्या सफी लागायच्या तिथे प्रेतं पडली.

तेव्हापासून सुमारे एक कोटी वीस लाख माणसं घरादाराला मुकली. मृतांची मोजदाद कुणाकडेच नाही, अमेरिकेच्या माजी विशेष दूताने दीड लाखापर्यंतचा अंदाज सांगितला होता. अल-जुनैना शहरात २०२३मध्ये मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने तिथल्या मृतांचा आकडा दहा ते पंधरा हजार असू शकतो असं म्हटलं. मारणारेही कलमा पढणारे आणि मरणारेही. मरणाऱ्यांची कातडी जास्त काळी होती, आणि त्यांना ‘गुलाम’ म्हणून हाक मारत मारलं जात होतं. आपण मिलादच्या जलशात हजरत बिलालची गोष्ट सांगून डोळे पुसतो. अरबाला अरब नसलेल्यावर कुठलंही श्रेष्ठत्व नाही, हे आखरी खुतब्यातलं वचन आपल्या पोरांना पाठ असतं. त्या वचनाचा मुडदा दारफूरमध्ये पडला, तेव्हा आपण कुणाला जाब विचारला?

लष्कराचे हातही धुतलेले नाहीत. डिसेंबर २०२४मध्ये उत्तर दारफूरमधल्या कबकाबियाच्या आठवडी बाजारावर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले, शंभरहून अधिक माणसं मेली. २०२४मध्ये लष्कराने रासायनिक शस्त्रं वापरल्याचा ठपका अमेरिकेने ठेवला आहे, लष्कर तो नाकारतं. म्हणून ‘बुरहान म्हणजे सरकार आणि हेमेदती म्हणजे बंडखोर’ ही सोपी विभागणी मला मान्य नाही. ज्याने स्वतःच बंड करून सरकार पाडलं, त्याला कायदेशीर सरकारचा टिळा लावायचा कुणी?

पेंड खाणारं शहर

आता मदतीकडे येऊ. मदतीच्या प्रश्नावर आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, जगाने एवढे अब्जावधी डॉलर ओतले तरी तिथे काही होत नाही, ते लोकच तसे. दुसरं म्हणतं, पाश्चात्त्यांची मदत हा सगळा साम्राज्यवादाचा खेळ आहे, ती नकोच. दोन्ही मतं भरल्या पोटी दिलेली आहेत.

पहिल्या मताला उत्तर आकड्यांत आहे. २०२५साठी संयुक्त राष्ट्रांनी सुदानच्या आतल्या मदतीकरिता ४.२ अब्ज डॉलर मागितले. वर्ष सरत आलं तरी त्यातली निम्मी रक्कमही हातात नव्हती. म्हणजे ‘अब्जावधी ओतले’ हे खोटं आहे, ओतायचं वचन दिलं होतं. परिषदा भरतात, व्यासपीठावर आकडे जाहीर होतात, छायाचित्रं निघतात. वचन आणि चेक यांच्यातलं अंतर उपाशी माणसाला चालून जावं लागतं.

आणि जे धान्य सीमेपर्यंत पोहोचतं, तेही आत जाऊ दिलं जात नाही. चाडच्या सीमेवर अद्रे नावाचं गाव आहे. दारफूरला जाणारा तो सगळ्यात जवळचा रस्ता. बुरहानच्या सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये तो बंद केला, कारण काय, तर त्या वाटेने हत्यारं येतात. हत्यारं यायची ती वाळवंटातून येतच राहिली, थांबले ते ज्वारीचे ट्रक. पावसाळ्यात दुसरे रस्ते चिखलात गेले. ऑगस्टमध्ये अद्रे उघडलं, तोवर त्याच महिन्यात उत्तर दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता. उपासमारीच्या जागतिक मोजमापात ‘दुष्काळ’ हा शब्द सहजासहजी वापरत नाहीत. पुरेशी माणसं आणि मुलं मेल्याशिवाय तो शिक्का बसत नाही.

दुसऱ्या बाजूने आरएसएफने अल-फाशर शहराला जवळपास अठरा महिने वेढा घातला. शेवटी तर शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, कुणी आत-बाहेर करू नये म्हणून. तो बांध उपग्रहाच्या छायाचित्रांत साऱ्या जगाला दिसत होता. आत लोक ‘अंबाझ’ खाऊन जगत होते. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ती बैलाला आणि म्हशीला घालतात. मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पेंड म्हणजे काय ते तो सांगेल. शेवटी शेवटी ती पेंडही मिळेनाशी झाली.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. अल-फाशरमध्ये फजरची नमाज चालू असताना मशिदीवर ड्रोन येऊन पडलं आणि सत्तरहून अधिक नमाजी मारले गेले. मशिदीवरच्या हल्ल्याच्या बातमीने आपल्याकडे किती मोर्चे निघाले? २६ ऑक्टोबरला शहर पडलं. प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांना मारलं गेलं, जागतिक आरोग्य संघटनेने ४६०हून अधिक मृत्यूंच्या बातमीवर हळहळ व्यक्त केली. मारणाऱ्यांनी स्वतःच मोबाइलवर चित्रण करून ते जगाला दाखवलं. हळहळ व्यक्त करायला जग तयारच असतं.

जून २०२४मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव करून आरएसएफला हा वेढा उठवायला सांगितलं होतं. दारफूरवर शस्त्रबंदी तर २००४पासून आहे. कागद सगळे जागेवर होते. शहर मात्र पडलं.

मदत नको म्हणणाऱ्यांना

मदत म्हणजे साम्राज्यवाद, असं म्हणणाऱ्या आपल्या डाव्या आणि धार्मिक अशा दोन्ही मित्रांना एक गोष्ट सांगायची आहे. २०२५च्या सुरुवातीला डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेची परदेशी मदत एका सहीने गोठवली. सुदानला सर्वांत मोठा देणगीदार अमेरिकाच होता. काही आठवड्यांत सुदानभरातली हजाराहून अधिक अन्नछत्रं बंद पडली. साम्राज्यवादी मदत थांबली, आणि त्या दिवशी साम्राज्याचं काहीएक बिघडलं नाही. ओमदुरमानच्या गल्लीत पातेलं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचं बिघडलं.

ही अन्नछत्रं चालवत कोण होतं, हे समजून घेतलं पाहिजे. परदेशी संस्थांचे पांढऱ्या गाड्यांतले अधिकारी युद्ध सुरू होताच बहुतेक निघून गेले. मागे राहिले मोहल्ल्यातले तरुण, शिक्षिका, नर्सा. त्यांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ उभ्या केल्या. २०१९च्या आंदोलनातल्या मोहल्ला समित्यांमधूनच त्या वाढल्या. त्या डाळ आणि फूल शिजवतात, जखमींना हलवतात, पाण्याचे पंप दुरुस्त करतात, प्रेतांना माती देतात. तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघराला ‘तकिया’ म्हणतात, अनेकवचनी ‘तकाया’. सूफी खानकाहांची ही जुनी रीत. आपल्याकडे गावोगावी फकिराचा तकिया असतो, त्याच शब्दाचं हे भावंड. आपल्या तकियांच्या जमिनी कुणी गिळल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय. सुदानमध्ये मात्र तकियाने सगळ्या सरकारांपेक्षा जास्त माणसं जगवली.

या कार्यकर्त्यांना दोन्ही बाजूंनी पकडून नेलं, छळलं, मारलं. लष्कराला ते आरएसएफचे वाटतात, आरएसएफला लष्कराचे. २०२५मध्ये त्यांना नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार आणि स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पुरस्कार योग्यच आहेत. पण पुरस्काराच्या सभागृहात ज्यांना बोलावतात, त्यांना तहाच्या टेबलावर का बोलावत नाहीत?

मदतीतून चोरी होते, हे मला माहीत आहे. गोदामं लुटली जातात, नाक्यानाक्यावर वसुली होते, बंदूकवाले धान्य विकून गोळ्या घेतात. त्यावर उपाय मदत तोडणं हा नाही. गळक्या पाइपलाइनला वैतागून कुणी धरण फोडत नाही. मोठ्या ताफ्यांऐवजी थेट या तकियांपर्यंत पैसा पोहोचवा. खार्तूममधल्या मुलांना मोबाइलवरून पैसे पाठवता येतात आणि ते हिशेबही ठेवतात. पण त्यांना पैसे दिले तर देणाऱ्या सरकारचा फलक कुठे लावायचा, ही अडचण असते.

कुरआनात सूरह दहरमध्ये नेक माणसांची खूण सांगितली आहे. ते गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालतात, आणि त्यांच्याकडून मोबदला तर सोडाच, आभारही मागत नाहीत. आजची सरकारी मदत या कसोटीला लावून पाहा. आभार तर हवेतच, वर बंदर हवं, खाण हवी, संयुक्त राष्ट्रांत मत हवं.

एका हातात भाकर, दुसऱ्या हातात

आता त्या नावाकडे येतो, जे घेताना आपली जीभ अडखळते. संयुक्त अरब अमिराती.

फेब्रुवारी २०२५मध्ये, रमजानच्या तोंडावर, अमिरातीने सुदानच्या मदतीसाठी वीस कोटी डॉलर जाहीर केले. चाडमधल्या अमजरास या गावी त्यांनी २०२३मध्येच सुदानी निर्वासितांसाठी रुग्णालय उभारलं. त्याच अमजरासच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या मालवाहू विमानांतून आरएसएफला हत्यारं जात असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ‘विश्वासार्ह’ ठरवले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने दारफूरमध्ये सापडलेल्या चिनी बनावटीच्या बॉम्बचा माग काढला आणि ते जवळपास निश्चितपणे अमिरातीमार्गे आले असं सांगितलं. अमिराती हे सगळं नाकारते.

नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मग न्यायालयात जाऊन नाकारा. सुदानने मार्च २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमिरातीवर वंशसंहाराला साथ दिल्याचा दावा लावला. मे महिन्यात तो दावा निकाली निघाला. का? अमिरातीने वंशसंहारविरोधी करारावर सही करतानाच न्यायालयाचा अधिकार सांगणारं कलम आम्हाला लागू नाही असं लिहून ठेवलं होतं. न्यायालयाने पुरावा तपासलाच नाही, आपल्याला अधिकार नाही एवढंच म्हटलं. अमिरातीने मात्र हा निकाल आपला विजय म्हणून मिरवला. ज्याने कोर्टाच्या दारालाच कुलूप लावलं, त्याला निर्दोष म्हणत नाहीत.

हे सगळं कशासाठी? सोन्यासाठी, शेतीसाठी, तांबड्या समुद्रावरच्या बंदरांसाठी. २०११मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि बहुतांश तेल तिकडे गेलं. उरलं सोनं. दारफूरमधल्या जबल आमिरच्या खाणींवर हेमेदतीच्या माणसांनी २०१७मध्ये कब्जा केला, उंट हाकणारा माणूस तिथून देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक झाला. आणि गंमत पाहा, लष्कराच्या ताब्यातल्या भागातलं अधिकृत सोनंही बहुतांश दुबईलाच जातं. बुरहान दिवसभर अमिरातीला शिव्या देतो आणि त्याचं सोनं तिथेच विकलं जातं. मरणारा दोन्हीकडून सुदानीच.

फक्त अमिरातीवर थांबणं अन्यायाचं होईल. इजिप्त लष्कराच्या पाठीशी आहे, इराणने त्याला ड्रोन दिले, तुर्कीच्या ड्रोननी त्याला खार्तूम परत मिळवायला हात दिला. आपल्यातले काही जण एर्दोगान यांच्या भाषणांवर फिदा असतात, त्यांनी हेही वाचावं. रशियाचे भाडोत्री आधी हेमेदतीकडे सोनं शोधत होते, मग मॉस्को नौदल तळासाठी बुरहानकडे वळलं. नोव्हेंबर २०२४मध्ये युद्धबंदीची मागणी करणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, चौदा देशांनी बाजूने मत दिलं, एकट्या रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. युरोपला सुदानी माणसाची आठवण येते ती तो भूमध्य समुद्रात बोटीत बसला की.

टेबलावर कोण बसलंय?

११ मे २०२३ला, युद्धाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, जेद्दाहमध्ये दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. सामान्य माणसाला इजा करणार नाही, रुग्णालयं रिकामी करू, मदत जाऊ देऊ. सौदी आणि अमेरिका मध्यस्थ होते. सह्या वाळायच्या आत रुग्णालयांवर पुन्हा तोफा लागल्या. सही मोडणाऱ्याला काहीही झालं नाही. मग ऑगस्ट २०२४मध्ये जिनिव्हा, तिथे लष्कर आलंच नाही. एप्रिल २०२५मध्ये लंडन, तिथे दोन्ही बाजूंना बोलावलं नव्हतं, आणि जमलेल्या अरब देशांचं आपसात न पटल्यामुळे एक संयुक्त निवेदनही निघू शकलं नाही. १२ सप्टेंबर २०२५ला अमेरिका, सौदी, अमिराती आणि इजिप्त या चौघांनी योजना मांडली. आधी तीन महिन्यांचा मानवतावादी विराम, मग कायमची युद्धबंदी, मग नऊ महिन्यांत मुलकी सरकारकडे वाटचाल. पुढचं सरकार लढणाऱ्या कुठल्याही गटाच्या हातात नसेल, बाहेरून शस्त्रं देणं थांबलं पाहिजे, असंही त्यात लिहिलं आहे.

कागदावर योजना वाईट नाही. पण सही करणारे चौघे पाहा. त्यातला एक हेमेदतीचा पाठीराखा म्हणून ओळखला जातो, एक बुरहानचा. ‘बाहेरून शस्त्रं देणं थांबवा’ हे वाक्य ते कुणाला उद्देशून लिहितात? आरशाला? योजना जाहीर झाल्यावर सहा आठवड्यांत अल-फाशर पडलं.

यावर शहाणी माणसं म्हणतील, ‘ज्याच्या हातात लगाम आहे त्यालाच टेबलावर बसवावं लागतं. अमिरातीला बाहेर ठेवून हेमेदतीला थांबवणार कसं?’ मुद्दा बिनतोड वाटतो. माझं उत्तर एवढंच, बसवा, जरूर बसवा, पण वादी-प्रतिवादीच्या बाकावर बसवा, न्यायाधीशाच्या खुर्चीत नको. मध्यस्थ आणि वाटेकरी यांतला फरक गावच्या पंचायतीलाही कळतो. बांधाच्या भांडणात ज्याने एका भावाला कुऱ्हाड आणून दिली, त्याला कुणी पंच नेमत नाही.

दुसरा युक्तिवाद याहून धोकादायक आहे. ‘न्यायाचं नंतर पाहू, आधी गोळीबार थांबू दे. खटल्याची भीती असेल तर सेनापती तहाला येणार नाहीत.’ सुदानचा अख्खा इतिहास या युक्तिवादाचं थडगं आहे. २००३पासून दारफूरमध्ये जंजावीद टोळ्यांनी गावं जाळली, सुमारे तीन लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. बशीरवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं, तो दशकभर देशोदेशी पाहुणचार झोडत फिरला. जंजावीदांना शिक्षा होण्याऐवजी २०१३मध्ये गणवेश मिळाला, नाव मिळालं आरएसएफ. २०१७मध्ये कायद्याने त्यांना मान्यता मिळाली. येमेनच्या युद्धात सौदी-अमिराती आघाडीने त्यांना भाड्याने घेतलं. २०१९नंतर जगाने हेमेदतीला सत्तेचा भागीदार मानून हस्तांदोलन केलं. प्रत्येक पायरीवर ‘न्याय नंतर’ म्हटलं गेलं, आणि प्रत्येक पायरीवर खुनी एक हुद्दा वर चढला.

दारफूरच्या त्या जुन्या गुन्ह्यांसाठी जंजावीदांचा एक म्होरक्या, अली कुशायब, ६ ऑक्टोबर २०२५ला हेगमध्ये दोषी ठरला. गुन्ह्यानंतर वीसेक वर्षांनी. त्या निकालानंतर बरोबर वीस दिवसांनी जंजावीदांचे वारस अल-फाशरमध्ये शिरले. उशिरा आलेल्या न्यायाची किंमत ही अशी मोजावी लागते.

‘दोन मुसलमान भाऊ भांडतायत’ म्हणणाऱ्यांनी सूरह हुजुरातची नववी आयत पुन्हा उघडून पाहावी. तिचा अर्धा भाग आपण सांगतो, मोमिनांचे दोन गट लढले तर त्यांच्यात सुलह करा. पुढचं गाळतो. त्यातला एक दुसऱ्यावर जुलूम करत असेल, तर तो अल्लाहच्या हुकमाकडे परत येईपर्यंत त्याच्याशी लढा, आणि मग सुलह कराल ती इन्साफाने करा. म्हणजे क्रम स्पष्ट आहे. आधी जुलूम करणाऱ्याचा हात धरा. मग तह. आणि तहात अद्ल. जुलमाला नाव न देता केलेली सुलह या आयतीत कुठेच नाही. तटस्थपणे हात वर करून दुआ मागत बसण्याची सोयही नाही.

आपल्या मौनाचा पत्ता

गाझावर आपण बोलतो, ते बरोबरच आहे, बोललंच पाहिजे. तिथे बॉम्ब देणारा अमेरिका आहे, आणि अमेरिकेला शिव्या द्यायला आपल्याला काही खर्च येत नाही. सुदानमध्ये बोट दाखवायचं तर ते दुबई-अबूधाबीकडे जातं. तिथे रत्नागिरीचा, रायगडचा, मुंब्र्याचा, औरंगाबादचा पोरगा नोकरीला आहे. तिथून घरी पैसे येतात, मशिदीला देणगी येते, मदरशाची इमारत उभी राहते. नोकरी करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांनी तिथे तोंड उघडलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न इथे बसलेल्या, सुरक्षित माणसांचा आहे. इथल्या मिंबरचा, इथल्या तंजीमांचा, इथल्या संपादकांचा आहे.

आणि इतर वाचकांनाही सांगतो, हा फक्त मुसलमानांच्या घरचा मामला नाही. एप्रिल २०२३मध्ये भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून पोर्ट सुदानमधून जेद्दाहमार्गे साडेतीन हजारांहून अधिक भारतीयांना सुखरूप परत आणलं. त्याचं कौतुक करायलाच हवं. आपली माणसं निघाली आणि त्याबरोबर आपला विषयही संपला. २०२२च्या व्यापार करारात भारताने अमिरातीतून येणाऱ्या सोन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्कात सवलत दिली आहे. सोनं वितळलं की त्याची जन्मभूमी पुसली जाते. झवेरी बाजारातल्या कुठल्याही दागिन्याकडे बोट दाखवून हे सुदानचं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि नाही असंही कुणी छातीठोक म्हणू शकणार नाही. मग हे सोनं कुठल्या खाणीतून आलं, हा प्रश्न आपल्या संसदेत का विचारला जाऊ नये? पुण्याच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं सुदानी विद्यार्थी शिकत आले. त्यांना ‘हबशी’ म्हणून घर नाकारणारे घरमालक आपल्याच समाजातही होते. त्या मुलांची घरं आज आहेत की नाहीत, हे त्यांना कुणी विचारलं?

हबशाचा विषय निघालाच आहे, तर सीरतमधली एक गोष्ट आठवा. मक्केतून छळाला कंटाळून निघालेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. कुरैशचे वकील त्याच्या दरबारात भेटी घेऊन आले. भेटी घ्या आणि ही माणसं आमच्या हवाली करा. नजाशीने दोन्ही बाजू ऐकल्या, आणि भेटी परत केल्या. आज तांबड्या समुद्राच्या पलीकडच्या राजधान्यांत भेटी घेऊन वकील फिरत आहेत. लंडनपासून दिल्लीपर्यंत कुणी त्या परत केल्याचं ऐकिवात नाही. सुदानी निर्वासितांपैकी आठ लाखांहून अधिक माणसांना चाडसारख्या स्वतःच उपाशी असलेल्या देशाने जागा दिली. श्रीमंत अरब राजधान्यांत तंबू नाहीत, परिषदेची सभागृहं आहेत.

माझी मागणी लांबलचक नाही. दारफूरपुरती असलेली शस्त्रबंदी अख्ख्या सुदानला लागू व्हावी, आणि ती मोडणाऱ्या देशाचं नाव घेतलं जावं, मग तो मक्केच्या कितीही जवळ असो. शांततेच्या टेबलावर तकिया चालवणाऱ्या बायका आणि तरुण पहिल्या रांगेत असावेत, सेनापती दुसऱ्या. मदत थेट त्यांच्या पातेल्यात पडावी. कुठल्याही तहात खुन्यांना माफी लिहिलेली नसावी. आणि आपल्यापुरतं म्हणाल, तर जुम्याच्या खुतब्यात एकदा तरी अल-फाशरचं नाव, मारणाऱ्याचं नाव आणि हत्यार देणाऱ्याचं नाव, तिन्ही घेतली जावीत. जकात आणि इमदाद कायद्यात बसेल अशा मार्गाने तिथवर कशी जाईल, हे आपल्या मोठ्या तंजीमांनी शोधावं. हजच्या कोट्यासाठी जी धावपळ ते करतात, तिच्या दहावा हिस्सा पुरेल.

हे झालं की ‘सुदानचं काय?’ विचारणाऱ्याकडे आपण मान वर करून पाहू शकू. तोवर त्याचा हेतू कितीही वाईट असला, तरी प्रश्न आपल्या दारात उभाच राहणार.